जंताचं औषध आणि पिल्लाचं लिव्हर : एसजीपीटी वाढलंय, दुसरा डोस द्यायचा का?

सायली_प

नमस्कार मंडळी. प्रश्न तातडीचा आहे म्हणून वेगळा धागा काढतेय.

आमच्या सोसायटीमागच्या रिकाम्या प्लॉटवर एका भटक्या कुत्रीला पिल्लं झाली होती. त्यातली एक, चिंगी, आता आमच्याकडे असते. वय साधारण अडीच महिने, वजन ३.२ किलो. आणली तेव्हा बरगड्या मोजता येतील इतकी हडकुळी आणि पोट मात्र तट्ट फुगलेलं. डॉक्टरांनी वजन करून पायरँटेलचं सिरप दिलं. दुसऱ्या दिवशी शीतून शिजलेल्या शेवयांसारखे पांढरट जंत पडले. काही बोटभर, काही जवळजवळ वीतभर, आणि त्यातले दोन-तीन चक्क वळवळत होते.

त्यानंतर पोट उतरलं, पण ती मलूल वाटायला लागली, जेवणही कमी झालं. म्हणून रक्त तपासलं. एसजीपीटी (यकृताच्या पेशींतलं एन्झाइम) १६८ आलंय (लॅबने मर्यादा १०० दिलीय), अल्कलाइन फॉस्फटेज हे दुसरं एन्झाइम २६०, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) २.२, बिलिरुबिन नॉर्मल, हिमोग्लोबिन ८.९, इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) १६ टक्के.

आता घरात दोन तट पडलेत. सासऱ्यांचं म्हणणं, औषध उष्ण पडलं, एवढ्याशा जिवाला परत देऊ नका. सोसायटीच्या ग्रुपवरही एकाने लिहिलं की जंताच्या औषधाने लिव्हर खराब होतं. डॉक्टर मात्र सांगतात, पहिल्या डोसनंतर दोन आठवड्यांनी दुसरा द्यायचाच. डॉक्टरांवर विश्वास आहे, पण लिव्हरचा आकडा वाढलेला असताना आणखी औषध का, हे मला नीट समजून घ्यायचंय. कुणाला अनुभव आहे का?

रानजाई

सायली, आमच्याकडे आत्तापर्यंत आलेली सगळी पिल्लं रस्त्यावरचीच, आणि एकही बिनजंताचं नव्हतं. दुसरा डोस अजिबात चुकवू नकोस. शी तपासलीस का? ताजी शी छोट्या डबीत घालून डॉक्टरांकडे दे.

सायली_प

रानजाई, काल दिली. जंतांची अंडी दिसली नाहीत म्हणे. म्हणून तर सासरे आणखी ठाम झालेत, 'जंत गेले, आता औषध कशाला!'

वैद्यबाई

सायली, मी पशुवैद्य आहे, लहान प्राण्यांचीच प्रॅक्टिस करते. चिंगीला तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. पण तुमच्या प्रश्नामागे एक समज आहे आणि त्या समजापायी पिल्लं दगावतात, म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्ही शीत पाहिले ते बहुतेक 'टॉक्सोकारा कॅनिस' जातीचे गोल जंत. ते लहान आतड्यात राहतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण तिथे पोचण्याआधी ते कुठून फिरून येतात हे फारसं कुणी सांगत नाही. पिल्लाच्या पोटात मातीतून अंडं गेलं की आतड्यात त्यातून अळी बाहेर पडते, आतड्याची भिंत भेदते आणि रक्तावाटे एक-दोन दिवसांत थेट यकृतात जाते. यकृतातून वाट काढत फुप्फुसात, तिथून श्वासनलिकेत, मग खोकल्याबरोबर घशात. पिल्लू ती गिळतं आणि अळी पुन्हा आतड्यात येते. तिथे तिचा मोठा जंत होतो. अळी यकृतातून जाते तेव्हा वाटेतल्या पेशी मरतात, सूज येते. त्या पेशींतलं एसजीपीटी रक्तात उतरतं.

चिंगीच्या बाबतीत हा प्रवास बहुधा जन्माआधीच सुरू झाला असणार. मोठ्या मादीच्या स्नायूंत आणि इतर अवयवांत या अळ्या सुप्त पडून असतात. ती गाभण राहिली की साधारण ४२व्या दिवसानंतर त्या जाग्या होतात, वारेतून पिल्लांत शिरतात आणि गर्भाच्या यकृतात जाऊन थांबतात. पिल्लू जन्मलं की फुप्फुसाकडे निघतात. काही दुधातूनही येतात. म्हणूनच पिल्लू जेमतेम तीन आठवड्यांचं होतं तेव्हा त्याच्या शीत अंडी सापडू शकतात. तुमच्या चिंगीच्या यकृताने औषधाचा थेंब पाहण्याआधीच जंत पाहिलेत.

आता शीचा रिपोर्ट. अंडी घालतात फक्त आतड्यातल्या मोठ्या माद्या. यकृतात, फुप्फुसात फिरणाऱ्या अळ्या शीच्या तपासणीत दिसतच नाहीत. मोठे जंत पडून गेले, मागून येणारी तुकडी अजून वाटेत आहे, अशा वेळी रिपोर्ट कोरा येतो. पायरँटेल आतड्यातल्या जंतांवर काम करतं, वाटेतल्या अळ्यांना ते गाठू शकत नाही. दोन आठवड्यांनी डोस पुन्हा द्यायचा तो या मागून येणाऱ्यांसाठी. पहिला डोस कमी पडला म्हणून नव्हे.

(आकड्यांबद्दल वेगळ्या प्रतिसादात लिहिते, दवाखाना उघडायची वेळ झाली.)

मुग्धा_म्युनिक

वाचतेय. वैद्यबाई, आकड्यांचं नक्की लिहा.

अभिजित_१९

वैद्यबाईंबद्दल आदर आहे, पण औषधाने लिव्हर जातं हे मी डोळ्यांनी पाहिलंय. लहानपणी गावी आमचा मोत्या होता. कुणीतरी सांगितलं म्हणून त्याला माणसांच्या जंताच्या गोळ्या दिल्या, ओळीने काही दिवस. त्याचे डोळे आणि हिरड्या पिवळ्या पडल्या, लघवी गडद झाली आणि तो गेला. घरातले अजून हळहळतात. त्यामुळे सायलीच्या सासऱ्यांची भीती मला समजते.

वैद्यबाई

अभिजित, वाईट वाटलं वाचून. मोत्याला नेमकं काय झालं ते आज सांगता येणार नाही, काविळीची कारणं अनेक असतात आणि लेप्टोस्पायरोसिस त्यात वरच्या नंबरावर. पण माणसांच्या गोळ्या आणि ओळीने काही दिवस, हे वाचून मला मेबेंडाझोल आठवलं. या औषधाने काही कुत्र्यांमध्ये यकृताचा भाग मरतो, हे अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच नोंदलं गेलंय. सगळ्यांना होत नाही, पण कुणाला होईल ते आधी कळत नाही. ऑक्सिबेंडाझोल आणि डायएथिलकार्बामाझिन यांच्या एकत्र गोळीनेही कुत्र्यांना हेपटायटिस झाल्याची प्रकरणं त्याच दशकात पुढे आली होती. म्हणजे 'जंताच्या औषधाने लिव्हर बिघडतं' ही भीती हवेतून आलेली नाही, ती काही ठरावीक औषधांमुळे आली आणि मग सगळ्याच औषधांना चिकटली.

आज पिल्लांना देतो ती औषधं एकेक करून पाहा. पायरँटेल पामोएट आतड्यातून रक्तात फारच कमी शोषलं जातं. ते जंताच्या स्नायूंना आकडी आणून लुळं करतं आणि जंत शीबरोबर बाहेर पडतो, म्हणूनच सायलीला वळवळणारे जंत दिसले. यकृतापर्यंत पोचणारं औषध नगण्य. फेनबेंडाझोल थोडं शोषलं जातं आणि यकृतात त्याचं रूपांतर होतं, पण किलोला ५० मिग्रॅ रोज असं तीन दिवस देऊनही कुत्र्यांना ते चांगलं सोसतं. फेबँटेलचं यकृतातच फेनबेंडाझोल होतं. प्राझिक्वांटेल जवळजवळ पूर्ण शोषलं जातं आणि यकृतच त्याचा निचरा करतं. ते पट्टकृमींसाठी असतं, गोल जंतांना त्याचा काही उपयोग नाही. म्हणून फक्त गोल जंत असलेल्या छोट्या पिल्लाला मी एकटं पायरँटेल देणं पसंत करते, तीन औषधं एकत्र असलेली गोळी नाही.

आता सायलीचे आकडे. लॅबच्या कागदावर 'लिव्हर फंक्शन टेस्ट' असं छापलेलं असतं आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. एसजीपीटी वाढलं याचा अर्थ काही पेशींना इजा झाली. यकृत काम करतंय की नाही हे त्यावरून कळत नाही. काम कळतं अल्ब्युमिन, बिलिरुबिन, साखर, युरिया, कोलेस्टेरॉल आणि गरज पडली तर बाइल अ‍ॅसिडच्या चाचणीवरून. चिंगीचं बिलिरुबिन नॉर्मल आहे. १६८ एसजीपीटी म्हणजे मर्यादेच्या दुप्पटही नाही. अल्कलाइन फॉस्फटेज वाढत्या वयात हाडांतून येतं, अडीच महिन्यांच्या पिल्लात २६० पाहून मी यकृताकडे बोट दाखवणार नाही. अल्ब्युमिन पिल्लांचं मोठ्यांपेक्षा कमीच असतं, त्यात ही अर्धपोटी वाढलेली आणि जंतांनी खाल्लेली. १६ टक्के इओसिनोफिल मात्र बोलके आहेत, अळ्या शरीरात फिरतायत असंच ते सुचवतात.

मला खटकलं ते ८.९ हिमोग्लोबिन. गोल जंत रक्त पीत नाहीत. या वयात हिमोग्लोबिन थोडं कमी असतंच, पण रक्त पिणारे अंकुशकृमी आणि गोचीड दोन्ही शोधायला हवेत. हिरड्या फिक्या आहेत का, शी काळपट-डांबरी होते का, कानांच्या मागे आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड आहेत का? एर्लिकिया आणि बेबेसिया या दोन्ही गोचीडतापांत रक्त कमी होतं, मलूलपणा येतो आणि एसजीपीटीही वाढू शकतं. आपल्याकडे ही तपासणी वगळून चालत नाही.

सायली_प

वैद्यबाई, किती वेळ काढून लिहिलंत. मनापासून आभार. हिरड्या फिकट गुलाबी आहेत, शी तपकिरी. उजव्या कानाच्या मुळाशी दोन बारीक गोचीड सापडले, चिमट्याने काढले. आजच डॉक्टरांना सांगते.

रानजाई

+१ वैद्यबाई. धागा वाचनखुणेत साठवलाय.

केदार_दौंड

आमच्याकडे जनावरं आहेत. गुरांना जंताचं औषध पाजलं की त्याच बाटलीतलं थोडं राखणीच्या कुत्र्यांनाही पाजतो, अल्बेंडाझोल. वर्षानुवर्षं चाललंय. कधी गोचीड जास्त झाले तर आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शनही टोचतो. हे चालतं की नाही ते सांगा. गावात सगळेच असं करतात.

वैद्यबाई

केदारभाऊ, विचारलंत हे फार बरं केलंत. अल्बेंडाझोल कुत्र्याला देऊ नका. धोका यकृतापेक्षा अस्थिमज्जेला आहे. तिथे रक्तपेशी तयार होणं थांबू शकतं, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घसरतात, आणि वरून दिसतो तो फक्त ताप आणि मलूलपणा. आपण म्हणतो उन्हाने झालं. गाभण मादीला तर मुळीच नको, गर्भात व्यंग येऊ शकतं.

आयव्हरमेक्टिनचं गणित करून दाखवते. गुरांच्या इंजेक्शनमध्ये १ मिलीत १० मिग्रॅ म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम असतं. हृदयातल्या जंतापासून बचावासाठी कुत्र्याला महिन्यातून एकदा किलोला ६ मायक्रोग्रॅम लागतं. १० किलोच्या कुत्र्याला ६० झाले. नजरेच्या अंदाजाने अर्धा मिली टोचलं तर ५,००० गेले. काही त्वचारोगांत आम्ही मोठे डोस वापरतो, पण ते वजन करून आणि लक्ष ठेवून. कोली किंवा त्या रक्ताचं संकरित कुत्रं असेल तर जनुकातल्या दोषामुळे औषध मेंदूत शिरतं. लाळ, झोकांड्या, आंधळेपणा, बेशुद्धी. गुरांच्या लेव्हामिसोलचंही तसंच, कुत्र्यात गुण येणारा डोस आणि विषारी डोस यांत अंतर थोडं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्र्याचं वजन करून फेनबेंडाझोल मागा.

केदार_दौंड

बरं झालं विचारलं. बाटली गुरांपुरतीच ठेवतो आता. वजन करायचं तर दुधाच्या काट्यावर करता येईल.

नाशिकचे_काका

आमच्या आईच्या काळी लहान मुलांना वावडिंगाचं पाणी देत, जंत होत नसत. पिल्लांना वावडिंग, कारल्याचा रस किंवा लसूण का देऊ नये? निदान लिव्हरवर ताण तरी येणार नाही.

वैद्यबाई

काका, लसूण नको. लसूण आणि कांद्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. चिंगीचं हिमोग्लोबिन आधीच ८.९ आहे, तिला तर ते फारच महागात पडेल. वावडिंगाचा कुत्र्यासाठी मोजून ठरवलेला डोस नाही, आणि 'नैसर्गिक' म्हणून यकृताला ते चुकतं असं नसतं, पोटातून शोषलं गेलेलं सगळं आधी यकृतातूनच जातं. टॉक्सोकाराची एक मादी दिवसाला लाखाच्या घरात अंडी घालते. घरगुती उपायांवर दोन आठवडे गेले तर तेवढ्यात अंगणाची माती भरून जाते.

नाशिकचे_काका

पटलं. लसणाचं ठाऊक नव्हतं.

तन्मयी_डी

माझा प्रश्न उलट टोकाचा आहे. आमची डॉबरमन नऊ वर्षांची आहे आणि तिला क्रॉनिक हेपटायटिस आहे, बायोप्सीत तांब्याचा साठा निघाला. औषधं चालू आहेत. तिला दर तीन महिन्यांनी जंताचं औषध द्यावं का? मला खरंच भीती वाटते.

वैद्यबाई

तन्मयी, तुमची भीती रास्त आहे, तिच्या यकृताला राखीव ताकद कमी आहे. अशा कुत्र्यात मी कॅलेंडर पाहून औषध देत नाही, दर तीन महिन्यांनी शी तपासते आणि गरज दिसली तरच देते. गोल जंत असतील तर पायरँटेल. पट्टकृमीचे तांदळाएवढे तुकडे दिसले तरच प्राझिक्वांटेल. अल्बेंडाझोल आणि मेबेंडाझोल पूर्ण वर्ज्य. पोटात पाणी साठलेलं असेल किंवा कावीळ असेल तर आधी ते आटोक्यात आणायचं, जंत थोडे थांबू शकतात. तिच्या तज्ज्ञांना विचारल्याशिवाय काहीही बदलू नका.

मुग्धा_म्युनिक

इथे जर्मनीत आमच्या व्हेटने हेच दोन पर्याय दिले होते, वर्षातून चारदा औषध किंवा चारदा शीची तपासणी. आम्ही तपासणी निवडली. एकदा अंडी सापडली आणि आम्ही घाबरलो, तर व्हेट म्हणाली, हा बाहेर दुसऱ्या कुत्र्यांची शी खातो का? खातो! तशी खाल्लेली अंडी न उबता तशीच बाहेर पडतात. काही दिवस तोंडाला जाळी लावून फिरवल्यावर पुन्हा तपासलं, काही नव्हतं.

श्रावणी_आई

माझा मुलगा दीड वर्षाचा आहे, घरात नुकतंच पिल्लू आणलंय आणि ते त्याचं तोंड चाटतं. हे जंत मुलांना होतात ना? मुलाच्याही लिव्हरमध्ये जातात?

वैद्यबाई

हो, जाऊ शकतात. माणसात या अळीचा मोठा जंत होत नाही, ती अळी म्हणूनच यकृतात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यात भटकत राहते. १९५२ साली अमेरिकेत पॉल बीव्हर आणि सहकाऱ्यांनी इओसिनोफिल वाढलेल्या, यकृत मोठं झालेल्या लहान मुलांमध्ये याच अळ्या दाखवल्या आणि या आजाराला 'व्हिसरल लार्वा मायग्रान्स' हे नाव दिलं.

पण घाबरून पिल्लू सोडू नका. ताज्या शीतलं अंडं संसर्ग करत नाही, त्यात अळी तयार व्हायला मातीत साधारण दोन ते चार आठवडे लागतात. खरा धोका आहे जुन्या शीने भरलेली माती आणि ती खाणारं मूल. शी रोज उचला. मुलाचे हात साबणाने धुवा, नखं कापा. सोसायटीच्या वाळूच्या खेळाच्या जागेवर रात्री झाकण घाला. फिनेलवर विसंबू नका, या अंड्यांचं कवच फिनेलला दाद देत नाही आणि मातीत ती वर्षानुवर्षं टिकतात. फरशीवर उकळतं पाणी आणि घासणी. पिल्लाला २, ४, ६, ८ आठवड्यांना डोस, मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. उशिरा आणलं असेल तर आणल्या दिवसापासून सुरू करा.

अभिजित_१९

लिव्हरच्या टॉनिकबद्दल पण सांगा. सगळेच डॉक्टर सोबत एक बाटली देतात.

वैद्यबाई

सिलिमारिन किंवा एस-अ‍ॅडेनोसिल मेथिओनिन खऱ्या यकृतविकारात मीही वापरते. पण १६८ एसजीपीटीच्या जंतवाल्या पिल्लाला पैसे खर्चायचे तर उकडलेली अंडी आणि चिकन यांवर खर्चा, अल्ब्युमिन त्यातून भरून येईल. टॉनिक सुरू केलं आणि तीन आठवड्यांनी आकडा उतरला की श्रेय बाटलीला जातं. कुत्र्याच्या रक्तात एसजीपीटी दोन-तीन दिवसांत निम्मं होतं. इजा थांबली की आकडा आपोआप खाली येतो.

आणि जे उतरायला हवं ते उतरलं नाही, तर त्याला जंत म्हणून गप्प बसायचं नाही. वारंवार उलट्या, कावीळ, पोट पुन्हा फुगणं, जेवणानंतर भ्रमिष्टासारखं वागणं यातलं काही दिसलं तर सोनोग्राफी आणि बाइल अ‍ॅसिड. ही चाचणी बारा तास उपाशी एकदा आणि जेवणानंतर दोन तासांनी एकदा करतात. क्वचित जंत पित्तनलिकेत घुसून अडकतो. काही पिल्लांत जन्मतःच यकृताला वळसा घालणारी रक्तवाहिनी असते. खूप जंत असलेल्या पिल्लात औषधानंतर मेलेल्या जंतांचा गोळा आतडं अडवू शकतो. औषधाने पिल्लू गेलं असं आपण ऐकतो, त्यातल्या काहींचं कारण हे असतं, म्हणून पहिल्या डोसनंतर दोन दिवस नीट लक्ष ठेवा.

सायली_प

अपडेट देते. गोचीडतापाची तपासणी निगेटिव्ह आली, बरं वाटलं. डॉक्टरांनी दुसऱ्या खेपेला फेनबेंडाझोल दिलं, वजन पुन्हा करून, तीन दिवस जेवणात कालवून. या वेळी अगदी बारीक जंत पडले, लांबी आधीच्यांच्या पावही नाही. मागून येणारी तुकडी म्हणतात ती हीच असावी! काल पुन्हा रक्त तपासलं. एसजीपीटी ७२, अल्ब्युमिन २.७, हिमोग्लोबिन १०.४, इओसिनोफिल ७ टक्के. वजन ४.६ किलो. सासऱ्यांनी रिपोर्ट स्वतः दोनदा वाचला आणि पुढच्या डोसची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली.

आता एकच विचारायचंय. चिंगीची आई अजून त्याच प्लॉटवर आहे आणि परत गाभण दिसतेय. तिच्या पुढच्या पिल्लांना हेच होणार का? आत्ता काही करता येईल?

रानजाई

वा सायली, फार आनंद झाला!

वैद्यबाई

रिपोर्ट छान आहे. आईसाठी करता येतं. गाभणपणाच्या ४०व्या दिवसापासून बाळंतपण होईपर्यंत, शक्य असल्यास नंतरचे दोन आठवडेही, रोज फेनबेंडाझोल दिलं तर पिल्लांत जाणाऱ्या अळ्या खूप कमी होतात. भटक्या मादीला रोज औषध देणं कठीण, पण ती तुमच्या हातचं खात असेल तर जमतं. डोस आणि दिवस तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या, पोट पाहून ते दिवसांचा अंदाज देतील. पिल्लं झाली की दोन आठवड्यांची असताना पहिला डोस पिल्लांना आणि त्याच दिवशी आईलाही. दूध तुटल्यावर तिची नसबंदी करून घ्या, पालिकेकडे किंवा प्राणिमित्र संस्थेकडे नाव नोंदवायला आत्ताच सुरुवात करा, नंबर लागायला वेळ लागतो.

सायली_प

खाते ती माझ्या हातचं, रोज संध्याकाळी दहीभात. उद्याच डॉक्टरांशी बोलते.